कोरियन गाण्यांचे वेड : काळजी कधी, कौतुक कधी?

२७ डिसेंबर २०२४ रोजी धाराशिव पोलिसांच्या मदत क्रमांकावर एक फोन आला. उमरगा तालुक्यातील तीन मुलींना शाळेच्या गाडीतून जबरदस्तीने पळवून नेल्याचे पलीकडून सांगण्यात आले. पोलिसांनी त्या मोबाइलचा माग काढला. तो उमरग्याहून पुण्याकडे निघालेल्या एसटी बसमधील एका महिला प्रवाशाचा होता. बस तोपर्यंत सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ परिसरात पोहोचली होती. स्थानिक पोलीस आणि मोहोळ बसस्थानकावर दुकान चालवणारी एक महिला यांच्या मदतीने तिन्ही मुलींना सुखरूप उतरवून घेण्यात आले. अपहरण झालेलेच नव्हते. दोघी ११ वर्षांच्या होत्या, एक १३ वर्षांची. पुण्याला जायचे, काम करून पैसे साठवायचे आणि मग दक्षिण कोरियाला जाऊन ‘बीटीएस’ या गायकांच्या गटाला भेटायचे, असा त्यांचा बेत होता.

त्याच वर्षी जानेवारीत तमिळनाडूतील करूर जिल्ह्यातल्या तीन मुलींनी असाच प्रयत्न केला होता. त्या १३ वर्षांच्या होत्या. विशाखापट्टणमच्या बंदरातून जहाजाने कोरियाला जाता येईल, अशी त्यांची समजूत होती. त्या वाटेत काटपाडी रेल्वेस्थानकावर सापडल्या.

अशा बातम्या वाचून काही जण हसतात, काही जण मोबाइलला शिव्या देतात आणि बाकीचे पान उलटतात. पण घरात दहा ते सोळा वर्षांची मुलगी किंवा मुलगा असेल, तर पान उलटून चालत नाही. उमरगा काय किंवा हिंगोली जिल्ह्यातले जवळा बाजार काय, मराठवाड्यातली ही गावे कोरियापासून पाच हजार किलोमीटरहून जास्त दूर आहेत. तरी हळद आणि सोयाबीनच्या बाजारभावाची चर्चा चालणाऱ्या घरात, आतल्या खोलीत मुलगी मोबाइलवर कोरियन गाणे ऐकत असते, याचे आता कोणाला नवल वाटत नाही. तिला शब्द कळत नाहीत, तरी गाणे पाठ असते. मग आईवडिलांना प्रश्न पडतो, हे वेड साधे आहे की काही बिघडले आहे?

वैद्यकशास्त्राचे उत्तर असे की आवड हा आजार नाही. कोणत्याही वयात कोणत्याही भाषेतले गाणे आवडू शकते. बघायचे ते हे, की त्या आवडीमुळे मुलाच्या आयुष्यातून काय बाहेर ढकलले जात आहे. झोप, जेवण, अभ्यास, मैत्रिणी आणि घरातले बोलणे या पाच गोष्टी जागेवर असतील, तर गाणे गाण्याच्या जागी आहे.

कारखान्यात घडवलेले गाणे

दक्षिण कोरियाची लोकसंख्या सव्वापाच कोटींच्या आत आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी. १९९२ मध्ये ‘सो तैजी अँड बॉइज’ या गटाने तिथे नव्या ढंगाचे संगीत आणले. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात देश होरपळला. जहाजे, मोटारी आणि टीव्ही संच विकणाऱ्या या देशाने मग मालिका, चित्रपट आणि गाणीही विकायचे ठरवले. १९९९ मध्ये सांस्कृतिक उद्योगांना चालना देणारा कायदा झाला.

दुसऱ्या बाजूला खासगी कंपन्यांनी गायक घडवण्याची पद्धत बसवली. दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींची निवड करायची, त्यांना काही वर्षे गाणे, नाच, परदेशी भाषा आणि कॅमेऱ्यासमोर वागणे शिकवायचे आणि त्यांतून गट तयार करायचा. कलावंतांना कंपन्या फार दीर्घ कराराने बांधून ठेवतात, अशा तक्रारी वाढल्या. २००९ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने नमुना करार आणला आणि मुदत सात वर्षांवर आणली.

२०१२ मध्ये साय या गायकाचे ‘गंगनम स्टाइल’ हे गाणे जगभर गाजले. यूट्यूबवर १०० कोटी वेळा पाहिला गेलेला तो पहिला व्हिडिओ. १३ जून २०१३ रोजी सात जणांचा ‘बीटीएस’ हा गट पुढे आला. त्यातली बहुतेक मुले राजधानी सेऊलमधली नव्हती; दैगू, बुसान, ग्वांगजू अशा शहरांतून ती आली होती. आणलेही एका छोट्या कंपनीने. २०१६ मध्ये चार मुलींचा ‘ब्लॅकपिंक’ गट आला. ऑगस्ट २०२० मध्ये ‘बीटीएस’चे ‘डायनामाइट’ अमेरिकेतील बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. पूर्णतः कोरियन असलेल्या गटाला हा मान प्रथमच मिळाला होता.

भारतात ही लाट आधी ईशान्येकडून आली. मणिपूरमध्ये २००० साली एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली. ती जागा कोरियन मालिकांनी आणि चित्रपटांनी भरली. उरलेल्या देशात हे वेड खऱ्या अर्थाने पसरले ते स्वस्त इंटरनेट आल्यावर आणि त्यानंतर २०२० च्या टाळेबंदीत. शाळा बंद होत्या, मैत्रिणी भेटत नव्हत्या आणि ऑनलाइन वर्गासाठी म्हणून हातात मोबाइल आला होता. आज तेरा-चौदा वर्षांच्या असलेल्या मुलींच्या प्राथमिक शाळेचे काही दिवस त्या काळातले आहेत, हे विसरू नये.

परके, तरी ओळखीचे

कोरियन भाषेत वडिलांना ‘अप्पा’ म्हणतात. मराठी घरात हा शब्द नवा नाही. तिथेही वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. मुली मोठ्या बहिणीला ‘ऑन्नी’ आणि मोठ्या भावाला ‘ओप्पा’ म्हणतात आणि नात्यात नसलेल्या मोठ्यांनाही, ओळख झाली की, हीच हाक मारतात, आपल्याकडच्या ताई-दादासारखी. वाक्यात क्रियापद मराठीप्रमाणेच शेवटी येते. मालिकांमध्ये मोठ्यांपुढे वाकणे, घरच्यांचा धाक, परीक्षेचे दडपण आणि लाजत-बुजत फुलणारे प्रेम दिसते. म्हणून ते जग मुलींना इंग्रजी मालिकांपेक्षा जवळचे वाटते.

आणखी एक कारण मोठ्यांच्या लक्षात येत नाही. या गटांतली मुले दांडगाई करताना दिसत नाहीत. ती रडतात, एकमेकांची काळजी घेतात आणि आपण खचलो होतो असे उघड सांगतात. ‘बीटीएस’ने नोव्हेंबर २०१७ मध्ये युनिसेफसोबत मुलांवरील हिंसेविरुद्ध मोहीम सुरू केली. सप्टेंबर २०१८ मध्ये गटाच्या प्रमुखाने संयुक्त राष्ट्रसंघात भाषण केले. स्वतःला आहे तसे स्वीकारा आणि स्वतःबद्दल बोला, असा त्याचा आशय होता. ज्या मुलीचे घरात कोणी ऐकून घेत नाही, तिला हे बोलणे आपल्यासाठीच आहे असे वाटले, तर त्यात तिचे काय चुकले?

‘ही कसली बायकी पोरे’ अशी टिंगल घरोघरी होते. टिंगल करणाऱ्यांनी बालगंधर्वांची आठवण काढावी. नारायणराव राजहंस स्त्रीभूमिका करत आणि शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या घरंदाज स्त्रिया त्यांच्या साड्यांची, दागिन्यांची आणि केशरचनेची नक्कल करत. पुढे राजेश खन्नाला मुलींनी रक्ताने पत्रे लिहिल्याच्या गोष्टी सांगितल्या गेल्या. २०१६ मध्ये ‘सैराट’च्या गाण्यांवर चित्रपटगृहांत लोक खुर्च्या सोडून नाचले. युरोपात पियानोवादक फ्रान्झ लिस्टच्या कार्यक्रमांत श्रोते इतके बेभान होत, की कवी हाइने यांनी १८४४ मध्ये त्या अवस्थेला खास नाव दिले. माणसे पूर्वीही वेडी होत होती. फरक इतकाच, की नाटक रात्री संपायचे आणि प्रेक्षक घरी यायचे. आताचा खेळ उशाशी ठेवलेल्या मोबाइलमध्ये चालूच राहतो.

मेंदूत काय घडते?

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तींना त्यांच्याच आवडीचे, अंगावर शहारा आणणारे संगीत ऐकवून मेंदूची छायाचित्रे घेण्यात आली. आवडती जागा येण्याआधीच्या प्रतीक्षेत आणि ती जागा आल्यावर, मेंदूच्या दोन वेगवेगळ्या भागांत डोपामाइन हे रसायन स्रवते असे दिसले. म्हणजे मिळण्याइतकीच वाट पाहण्यातही गोडी असते. नवे गाणे येण्याच्या पंधरा दिवस आधीपासून छायाचित्रे आणि गाण्याचे तुकडे थोडे थोडे बाहेर सोडले जातात, ते याच गोडीवर चालते.

गाण्यांच्या अल्बममध्ये गटातील एकाचे छोटे छायाचित्र असते. कोणाचे निघेल ते पाकीट फोडेपर्यंत कळत नाही. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांनी च्युइंगगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे जमवली आहेत. हव्या त्या खेळाडूसाठी नको असलेले गम चघळले आहे. कधी मिळते, कधी मिळत नाही, म्हणूनच हात पुन्हा तिकडे जातो.

किशोरवयात बक्षिसाला दाद देणारे मेंदूचे भाग जोरात असतात. थांबून विचार करणारा, परिणाम तोलणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपास पूर्ण परिपक्व होतो. पुण्याला जाऊ, काम करू, पैसे साठवू आणि कोरियाला जाऊ हा बेत मोठ्यांना बालिश वाटतो. अकरा वर्षांच्या मेंदूला त्यात पहिली आणि शेवटची पायरी स्पष्ट दिसते. मधले पासपोर्ट, व्हिसा, भाडे आणि वाटेतले धोके दिसत नाहीत. त्या डिसेंबरात ‘बीटीएस’च्या सातपैकी पाच जण तर देशाच्या सक्तीच्या सेवेत होते. गट म्हणून ते तेव्हा कोणालाच भेटणार नव्हते.

एकतर्फी जिव्हाळा

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्ये एक निरीक्षण मांडले. टीव्हीवरचा निवेदक थेट आपल्याशी बोलतो असे वाटून प्रेक्षक त्याच्याशी नाते जोडतो. निवेदकाला त्याची कल्पनाही नसते. असे एकतर्फी नाते जवळजवळ प्रत्येकाचे कोणाशी तरी असते. सचिन तेंडुलकर बाद झाल्यावर ज्यांना जेवण गेले नाही, त्यांना ते वेगळे समजावून सांगायला नको.

आता हे नाते अधिक दाट करण्याची साधने आली आहेत. काही ॲपवर पैसे भरले की कलावंताचा निरोप खासगी गप्पांसारखा मोबाइलवर येतो. तोच निरोप हजारो जणींना गेलेला असतो, पण वाचताना तो एकटीसाठी असतो.

चाहत्यांच्या ओढीचे मापन करण्यासाठी मानसशास्त्रज्ञ २००२ पासून एक प्रश्नावली वापरतात. त्यात तीन पायऱ्या मानल्या आहेत. पहिलीत करमणूक आणि मैत्रिणींशी गप्पा असतात. बहुतेक चाहते इथेच असतात. दुसरीत कलावंत सतत मनात असतो, त्याच्याशी आपले खास नाते आहे असे वाटते. तिसरीत भान सुटू लागते. त्याच्यासाठी काहीही करण्याची, अगदी चुकीचे कामही करण्याची तयारी होते. वरच्या पायऱ्यांवर चिंता आणि उदासी अधिक आढळते, असे अभ्यास सांगतात. मात्र वेडामुळे उदासी आली की उदास मूल वेडाच्या आसऱ्याला गेले, हे त्यावरून ठरत नाही. दवाखान्यात बहुधा दुसरी शक्यता आधी तपासावी लागते. शाळेत कोणी छळते आहे का, घरात भांडणे आहेत का, लवकर लग्न उरकण्याची बोलणी चालू आहेत का, हे विचारल्याशिवाय गाण्याला दोष देणे म्हणजे ताप मोजून थर्मामीटर फोडण्यासारखे आहे.

या चाहतेपणाचा चांगला भागही सांगायला हवा. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘बीटीएस’च्या भारतीय चाहत्यांनी एका दिवसात २० लाख रुपयांहून अधिक मदत गोळा केली. अनेक मुली कोरियन भाषा शिकतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही माध्यमिक स्तरावर शिकता येणाऱ्या परदेशी भाषांमध्ये कोरियनचा उल्लेख आहे. आणि नाच हा व्यायाम आहे. मुलांना रोज ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगातल्या ११ ते १७ वयाच्या सुमारे ८५ टक्के मुलींना ती मिळत नाही. वयात आल्यावर मुलींचे मैदान सुटते, सायकल सुटते. अशी मुलगी खोलीचे दार लावून अर्धा तास घाम येईपर्यंत नाचत असेल, तर तिला नाचू द्यावे.

नजर कुठे ठेवायची?

पहिली गोष्ट झोप. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. वयात येताना झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे मुले मुळातच उशिरा पेंगतात. त्यात मोबाइलची भर पडते. कोरियाचे घड्याळ भारतापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथे मध्यरात्र होते तेव्हा इथे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. म्हणजे मुलांना जागवण्याचे काम कोरिया करत नाही. ज्या घरात एकच मोबाइल आहे, तिथे दिवसभर तो वडिलांकडे किंवा भावाकडे असतो आणि सगळे झोपल्यावरच मुलीच्या हाती येतो. तिला संध्याकाळी हक्काचा एक तास मिळाला, तर रात्रीचे तीन तास वाचतात. सकाळी न उठणे, वर्गात डुलक्या, डोकेदुखी, चिडचिड आणि घसरलेले गुण यांचे कारण अनेकदा एवढेच असते.

दुसरी गोष्ट कान. ८० डेसिबलपर्यंतचा आवाज मोठ्यांनी आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. घरगुती नियम सोपा आहे. मोबाइलचा आवाज ६० टक्क्यांच्या वर नेऊ नये आणि इअरफोन लावून झोपू नये. कानात सतत गुणगुण होणे किंवा बोलणे पुन्हा पुन्हा विचारावे लागणे ही तपासणी करून घेण्याची वेळ आहे. आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत.

तिसरी गोष्ट ताट. पडद्यावरचे हे कलावंत अतिशय सडपातळ असतात. त्यांच्या नावाने दिवसाला एक सफरचंद, एक रताळे अशी आहारपत्रके फिरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशात १५ ते १९ वर्षांच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. पाळी सुरू झालेली, उंची वाढत असलेली आणि आधीच रक्त कमी असलेली मुलगी जेवण सोडू लागली, तर धाप, चक्कर, केस गळणे आणि पाळी चुकणे हे सगळे पाठोपाठ येते. ‘उपवास आहे’, ‘शाळेत खाल्ले’, ‘भूक नाही’ अशी उत्तरे रोज येऊ लागली, कपडे सैल होऊ लागले, तर वजन करून घ्यावे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घेतली जाते का, तेही विचारावे. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, गूळ, लिंबू आणि खाणाऱ्यांसाठी अंडी एवढ्यात या वयाची गरज बरीचशी भागते.

चौथी गोष्ट चेहरा. काचेसारखी नितळ त्वचा दाखवणाऱ्या चित्रफितींमागे दिव्यांचा प्रकाश, मेकअप आणि संगणकाची करामत असते. ती त्वचा मिळवण्यासाठी बाजारातून किंवा ऑनलाइन आणलेल्या, उत्पादकाचा नीट पत्ता नसलेल्या क्रीम घातक ठरू शकतात. केरळमधील डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका आजाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यातील १५ जणांमध्ये या आजाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे करणाऱ्या क्रीम वापरत होते. अशा क्रीममधला पारा त्वचेतून शरीरात शिरतो. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींनाही अशा क्रीमनंतर मूत्रपिंडाचा विकार झाला होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाल्यावर क्रीममध्ये पारा सापडला. दुसऱ्या प्रकारच्या क्रीममध्ये स्टेरॉइड असते. आठ दिवसांत चेहरा उजळतो, काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ येते, लव वाढते आणि क्रीम थांबवली की आग होते. चेहऱ्याला साधा साबण, पाणी आणि ऊन टाळणे पुरेसे असते. अंगावर, पायांवर सूज आली किंवा लघवीला फार फेस येऊ लागला, तर डॉक्टरांना क्रीमची डबी नेऊन दाखवावी.

पाचवी गोष्ट पैसा आणि अनोळखी माणसे. ‘मी त्या गटातला अमुक’, ‘भेटीसाठी तुझी निवड झाली आहे’ असे निरोप पाठवून ओटीपी, पैसे किंवा छायाचित्रे मागितली जातात. अकरा वर्षांची मुलगी त्यावर विश्वास ठेवते. फसल्यावर ती घरी सांगेल का, हे फसवणुकीच्या आधी घरात कसे बोलले जात होते त्यावर ठरते.

चमचमाटाची दुसरी बाजू

गायिका सुल्ली, गायिका गू हारा आणि गायक किम जोंगह्यून या तिघांनी २०१७ ते २०१९ या काळात तिशीच्या आत आयुष्य संपवले. विकसित देशांच्या गटात आत्महत्यांचे प्रमाण दक्षिण कोरियात सर्वाधिक आहे. कलावंतांवर वजनाचे, चारित्र्याचे आणि चोवीस तास हसत राहण्याचे दडपण असते. प्रेमात पडल्याची बातमी आली तरी काही चाहते त्यांच्यावर तुटून पडतात.

हे मुलांना सांगावे, पण ‘बघ, तुझे ते असेच’ असा टोमणा मारून नव्हे. प्रसिद्ध व्यक्तीच्या आत्महत्येच्या बातम्या भडकपणे पसरल्या की नाजूक मनःस्थितीतल्या लोकांचा धोका वाढतो, हे सिद्ध झालेले आहे. आवडत्या कलावंताचे असे काही झाले, तर मुलीच्या रडण्याला ‘कोण लागतो तुझा?’ असे विचारू नये. जवळ बसावे, जेवायला लावावे, काही दिवस एकटे सोडू नये. ‘तुझ्याही मनात कधी असे विचार येतात का?’ हे सरळ विचारावे. विचारल्याने असे विचार मनात पेरले जात नाहीत. उलट बोलायला वाट मिळते.

घरात काय करता येईल?

मोबाइल हिसकावणे आणि पोस्टर फाडणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे. त्याने वेड कमी होत नाही, फक्त घरातून लपवले जाते. पळून जाऊन परत आलेल्या मुलीला मारणे, शाळा बंद करणे किंवा तिचे लग्न लावून देणे हे तर तिच्यावर दुसरे संकट आणण्यासारखे आहे. बालविवाह गुन्हाही आहे.

आईने किंवा वडिलांनी एकदा मुलीच्या शेजारी बसून ती गाणी ऐकावीत. सात जणांची नावे विचारावीत, तिला कोण आवडतो आणि का, ते ऐकावे. या ‘का’मध्ये मुलीच्या मनाचा पत्ता असतो. ‘तो फार मेहनत करतो’ आणि ‘तोच एक मला समजून घेतो’ ही दोन उत्तरे अगदी वेगळी आहेत. दुसरे उत्तर आले, तर घरात, शाळेत तिचे कोण ऐकते, याचा विचार मोठ्यांनी करावा.

मोबाइलची वेळ तिच्याशी बोलून ठरवावी आणि ती मोठ्यांनीही पाळावी. रात्री सगळ्यांचे मोबाइल झोपण्याच्या खोलीबाहेर राहावेत. कोरियाला जायचे स्वप्न असेल, तर त्याची थट्टा करू नये. पासपोर्ट कसा काढतात, विमानाला किती पैसे लागतात, तिथे शिकायला जायचे तर कोणते गुण आणि कोणती भाषा लागते, हे कागदावर मांडायला बसवावे. स्वप्नाला मधल्या पायऱ्या दिसू लागल्या की बस पकडून निघून जाण्याची गरज उरत नाही. शाळांनीही स्नेहसंमेलनात लेझीम आणि लावणीसोबत अशा एखाद्या नाचाला जागा द्यायला हरकत नाही. बंद खोलीतली आवड चारचौघांत आली की तिचे ओझे हलके होते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप आणि भूक बिघडणे, शाळेला जायला नकार, मैत्रिणी तुटणे, घरातून पैसे जाणे, हातावर जखमांच्या खुणा किंवा मरणाची भाषा यांतले काहीही दिसले, तर वाट पाहू नये. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ असते, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत आणि मराठीतही बोलता येते. मूल संकटात असेल तर १०९८, तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२ आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक आहेत. हे चारही क्रमांक घरातल्या मोबाइलमध्ये आणि मुलांच्या वहीच्या शेवटच्या पानावर आजच लिहून ठेवावेत.